खिंडीतल्या काठ्या

१

भोंग्याला भोंगा का म्हणतात हे विचारायची गरज कोणालाच पडत नसे. त्याने तोंड उघडलं की कारण कळायचं. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा खिंडीखालच्या कामगार-तळावरच्या सगळ्या खोल्यांत पोचायची. मुकादम म्हणायचा, "बाबा रे, तू गप्प बस, नाहीतर डोंगर खाली येईल." आणि हा हसायचा, तेही मोठ्यानेच.

बर्फ काढायचं मोठं पिवळं मशीन चालवणं हे त्याचं काम. खिंड हिवाळाभर बंद असते. उन्हं तापायला लागली की मशीन वर चढवायचं, पात्याने बर्फ लोटत, रस्ता मोकळा करत माथा गाठायचा. आता रस्ता खाली कुठे दडलाय हे वरून दिसतंय थोडंच? सगळीकडे पांढरं. म्हणून पहिला बर्फ पडायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवून ठेवतात, दोन पुरुष उंचीच्या, टोकाला लाल कापड बांधलेल्या. हिवाळा सरला की त्यांची टोकं तेवढी बर्फावर डोकावत असतात. दोन टोकांच्या मधून मशीन घालायचं. डोळे काहीही सांगोत, काठी सांगेल ते खरं. भोंग्याला हे त्याच्या दादाने शिकवलं होतं. काठ्या रोवायचं काम दादाचंच होतं.

गेल्या वर्षी बर्फ लवकर आला. मोठ्या वळणापर्यंत काठ्या लावून झाल्या होत्या, तिथून माथ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा राहिला होता. दादा काठ्यांची घसरगाडी ओढत एकटाच वर गेला आणि वादळात सापडला. माणसांनी शोध शोध शोधलं. ना माणूस सापडला, ना गाडी, ना एक काठी. वहिनी तेव्हा शोधायला म्हणून तळावर आली ती परत गेलीच नाही. तळावरचा स्वयंपाकी तसाही पळून गेला होता. तिने पदर खोचला आणि चूल ताब्यात घेतली. अख्खा हिवाळा तिने तिथे काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खिंड दिसते, म्हणून टेबल खिडकीशी ओढून घेतलं आणि कणीकसुद्धा तिकडे बघत मळायची.

तिची मुलगी खाली भोंग्याच्या घरी, काकूजवळ होती. तेरा वर्षांची पोर. बाप गेला तो गेला, आता आईही डोंगरावर. भोंगा मशीन घेऊन वर निघाला तेव्हा तिने त्याची बाही धरली होती. "काका, तू येताना आईला घेऊन ये. नाहीतर मी वर येईन, सांगून ठेवते." आणि ती पोर बोलेल तसं करणारी होती, बापासारखीच. भोंग्याने शब्द दिला होता. खिंड उघडली की तळ उठतो, तेव्हा वहिनीला काही झालं तरी खाली न्यायचं. ह्या खेपेला खिंड उघडण्यापेक्षा त्याला तेच काम अवघड वाटत होतं.

२

मोठं वळण आलं त्या सकाळी मुकादमाने बजावलं, "पुढे काठ्या नाहीत. सांभाळून. लोखंडी सळई खुपसत जा, खाली डांबर लागलं तरच पुढे सर."

भोंग्याने मान डोलावली. पुढे काठ्या का नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

वळण घेतलं आणि समोर काठ्या होत्या.

दोन्ही कडांना, बरोबर अंतर राखून, ओळीत. भोंग्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग त्याला हुंदकाच आला. म्हणजे दादाने काम पुरं केलं होतं, शोधणाऱ्यांनाच वादळात काठ्या दिसल्या नसतील! वादळात का होईना, पण टप्पा अर्धा टाकला नव्हता. "वा रे माझ्या वाघा," तो केबिनमध्ये एकटाच ओरडला आणि डोळे पुसत मशीन काठ्यांच्या मधून घातलं.

काम असं झरझर झालं की बास. पातं लोण्यातून फिरावं तसं फिरत होतं. डावीकडचा सुळका, ज्याला तळावरचे लोक बहिरा म्हणतात कारण त्याच्याकडून हाकेला कधी प्रतिसाद येत नाही, तो हळूहळू जवळ येत होता. भोंग्याला वाटलं, चला, माथा आलाच. दुपारी भाकरी खायला त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला आणि एका काठीला टेकून उभा राहिला.

आणि टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की काठी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलीय.

खालच्या काठ्यांची टोकं तेवढी दिसत होती, कारण बाकीची काठी बर्फात पुरली गेली होती. ते बरोबरच होतं. आधी काठी, मग त्यावर हिवाळाभराचा बर्फ. पण ही काठी पूर्ण उंच उभी होती, बर्फाच्या वर. म्हणजे बर्फ पडून झाल्यावर कोणीतरी ती रोवली होती. त्याने पुढची बघितली, तिच्या पुढची बघितली. सगळ्या तशाच. बुंध्याशी बर्फ ठोकून ठोकून घट्ट केलेला. आसपास पाऊल एकाचंही नाही.

वारा पुसतो पावलं, त्याने स्वतःला समजावलं. वारा काय काय पुसत नाही! मग त्याने सळई घेतली आणि पात्याखाली खुपसली. डांबर लागलं नाही. खडकही लागला नाही. सळई मुठीपर्यंत आत गेली.

मुकादम वर आला तेव्हा त्याने आधी शिव्या घातल्या आणि मग तो कापलेल्या रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागला. भोंग्याने सकाळभर खपून सुरेख, सरळ, रुंद रस्ता कापला होता. आणि तो रस्ता खिंडीकडे जातच नव्हता. तो बहिऱ्याच्या पोटाकडे जात होता. तिकडे रस्ता कधीच नव्हता.

"डोंगर चढणारे हौशी लोक असतील," मुकादम म्हणाला. "त्यांना काय, दिसली काठी की रोव."

"एवढ्या? आणि एवढ्या सरळ?"

"मग तूच सांग कोणी रोवल्या." मुकादमाने हातमोजा झटकला. "उपट सगळ्या. उद्यापासून सळई घेऊन खऱ्या रस्त्याला लाग."

भोंग्याने एकेक काठी उपटली. टोकाला लाल कापड नव्हतं. लोकरीचा धागा गुंडाळून गाठ मारलेली होती, काळपट किरमिजी रंगाची लोकर. एक तुकडा त्याने सोडवून खिशात घातला. का घातला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

३

संध्याकाळी फोन लागला. हवा साफ असली की तळावरच्या फोनला आवाज यायचा. पोरगी पलीकडून म्हणाली, "काका, खिंड उघडली?"

"उघडेल गं, चार दिवसांत."

"आई तयार आहे ना?"

भोंग्याने मागे बघितलं. वहिनी पोळ्या लाटत होती, पाठ त्याच्याकडे, तोंड खिडकीकडे. "आहे की. तयारच आहे," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू बोलला असेल.

"मग तिला फोनवर का येता येत नाही?"

वहिनी फोनवर येत नसे. पहिले काही दिवस आली, मग पोरीचा आवाज ऐकला की खाली जावंसं वाटतं, म्हणून बंदच केलं. हे तिने भोंग्याला तोंडावर सांगितलं होतं. "खाली गेले आणि हे परत आले तर? तळावर कोण असेल?" तो आपला भांडी घासायला बसला होता.

फोन ठेवल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला आणि त्याच्याबरोबर तो लोकरीचा तुकडा खाली पडला. वहिनीने लाटणं खाली ठेवलं. वाकून तुकडा उचलला. बोटांत धरून उजेडात नेला.

"कुठे मिळाला?"

वहिनीच्या तोंडावर भोंग्याला खोटं बोलता येत नसे. त्याने सगळं सांगितलं. काठ्या, बहिऱ्याकडे वळलेली ओळ, सळई.

"मी विणलेला स्वेटर आहे हा," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी हे तोच घालून गेले होते. कापड संपलं असेल. स्वेटर उसवून बांधतायत." तिचा आवाज इतका साधा होता, जणू नवरा बाजारात गेलाय आणि पिशवी विसरलाय. "आणि गाठ ह्यांचीच. अशी उलटी गाठ दुसरं कोणी मारत नाही."

"वहिनी, गाठ कोणीही शिकेल."

"कोण शिकेल तिथे?"

हेच तर भोंग्याला विचारायचं होतं. तिथे वर कोण आहे, जो बघून बघून गाठ शिकला? पण हे शब्द ओठावर आले आणि त्याने ते गिळले. ती सबंध हिवाळा ज्या आशेवर तगली, तिच्यात काडी घालायचं पाप कोण करणार? दादा त्याचाही होता. त्यालाही वाटत होतंच की असावा, कुठेतरी, कसाही असावा. आणि तसं वाटण्याचीच भीतीही वाटत होती.

"मला उद्या तिथे न्या," वहिनी म्हणाली.

"नाही."

"भाऊजी."

"पोरीला शब्द दिलाय मी. तुम्हाला खाली न्यायचा. वर नाही."

वहिनी पुन्हा लाटायला लागली. त्या संध्याकाळी पोळ्या जरा जास्तच झाल्या, आणि उरलेल्या तिने फडक्यात बांधून बाजूला ठेवल्या.

४

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. असं धुकं की मशीनचं पातंसुद्धा केबिनमधून नीट दिसेना. भोंगा सळई खुपसत, डांबर चाचपत खऱ्या रस्त्याने इंचाइंचाने सरकत होता. हीटर चालू होता तरी बोटं गार पडली होती. सळई घेऊन उतरायचं म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि ऐकू आलं.

ठक. ठक. ठक.

लाकडी हातोड्याचे तीन घाव. मग थोडी शांतता. माणूस पुढे चालत जातो आणि गाडीवरून दुसरी काठी उचलतो तेवढी. पुन्हा तीन घाव. लहानपणी दादाबरोबर काठ्या लावायला जायचा तेव्हा हाच आवाज ऐकत तो मागे मागे चालायचा. आवाज डावीकडून, बहिऱ्याच्या बाजूने येत होता.

बर्फ वितळतोय, कडे तडकतात, तो स्वतःशी म्हणाला. उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगर आवाज करतातच. पण तडकणारे कडे मोजून तीनदा तडकतात का, असं त्याच्याच मनाने विचारलं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. मुकादम होता. "ऐक, वहिनी तुझ्याकडे आल्या का? स्वयंपाकघरात नाहीत. गॅस बंद आहे, दार लोटलेलं आहे. फडक्यातल्या पोळ्याही नाहीत."

भोंग्याने वायरलेस तसाच टाकला आणि वळणाकडे धावत सुटला. कालच्या त्याच्याच कापलेल्या रस्त्याच्या तोंडाशी वहिनीच्या बुटांचे ठसे होते, आत जाणारे. आणि काल उपटून ढीग घातलेल्या काठ्या ढिगात नव्हत्या. त्या पुन्हा उभ्या होत्या.

फक्त आज त्या मशीनच्या रुंदीने उभ्या नव्हत्या. सुरुवातीला एखादी जीप जाईल एवढी जागा. मग हातगाडी. मग त्याच्या लक्षात आलं की चालताना दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या काठ्यांना लागतायत. काल कापलेला रस्ता संपला आणि काठ्या पुढे तशाच चालू राहिल्या, कोऱ्या बर्फावरून, एकमेकींच्या जवळ जवळ येत. लोकरीचे तुकडे आखूड होत गेले. बोटभर. मग नखाएवढे. मग नुसतीच काठी. आणि शेवटी दोन ओळींच्या मध्ये एका माणसाच्या खांद्यांपुरती जागा उरली, जास्त नाही. भोंगा आडव्या अंगाचा. त्याला तिरकं होऊन चालावं लागलं. हा रस्ता त्याच्यासाठी नव्हता, हे त्याला अगदी स्पष्ट कळत होतं.

"वहिनी!" तो ओरडला. एवढा मोठा आवाज, पण धुक्याने खाऊन टाकला. बहिऱ्याकडून नेहमीप्रमाणे काहीच परत आलं नाही. हातोड्याचा आवाजही थांबला.

५

वहिनी एका काठीशी बसली होती. पुढे धुकं होतं आणि धुक्यात उतार कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. फडकं उघडून तिने पोळ्या बर्फावर मांडल्या होत्या.

"या भाऊजी," ती म्हणाली. "हळू बोला."

भोंगा तिच्यामागे गुडघ्यांवर बसला. छाती भात्यासारखी चालत होती. "चला वहिनी. पाया पडतो. चला."

"थोडं थांबा. मी बोलतेय."

आणि ती बोलत होती. धुक्याकडे तोंड करून, स्वयंपाकघरात नवऱ्याशी बोलावं तसं, जरा रागाने, जरा लाडाने. "अहो, किती दिवस झाले, काही हिशेब आहे? पोर खाली वाट बघून बघून सुकली. तिची उंची वाढलीय म्हणे, काकूने फ्रॉकची खालची दुमड सोडली. तुम्हाला काय त्याचं! तुम्ही आपले काठ्या लावत बसा. काम, काम, काम. मेलं काम." तिने डोळे पुसले. "मी इथवर आले. ह्याच्या पुढे नाही येणार. मला वाटलं होतं येईन. रात्रभर वाटत होतं. पण इथे आले आणि पोरीचा चेहरा आठवला. मला तिकडे बोलवू नका. मला लेक आहे."

भोंग्याला रडू फुटलं. आवाज न करता रडायची त्याची पहिलीच वेळ. तिने निवडलं होतं, आणि बरोबर निवडलं होतं. आता फक्त तिला हाताला धरून उठवायचं होतं.

वहिनीने अंगावरची राखाडी शाल काढली आणि शेवटच्या काठीभोवती गुंडाळली. "थंडी वाजत असेल," ती म्हणाली. "अंगात काही उरलं नसेल आता."

मग उठता उठता ती थांबली, आणि ज्या मायेने बाईमाणूस दारातून मागे वळून बोलतं त्याच मायेने म्हणाली, "मी तर नाही येत. तुम्हाला यायचं असेल तर तुम्हीच चला."

"वहिनी!" भोंग्याने तिचा दंड धरला. "हे नका बोलू."

पण बोलून झालं होतं. दोघं माघारी वळले, भोंगा पुढे, ती मागे, तिरके तिरके. थोडं गेल्यावर त्याने एकदाच, एकदाच वळून पाहिलं. धुक्यात शाल गुंडाळलेली ती काठी उभी होती. मग ती हलली. वाऱ्याने हलते तशी नाही. कोणीतरी बुंध्याला धरून, काढण्यासाठी आधी पुढे, मग मागे हलवतं, तशी.

६

मुकादमाने जास्त विचारलं नाही. भोंग्याचा चेहरा बघितला आणि जीपची किल्ली काढून दिली. "खिंड चार दिवस उशिरा उघडली तर आकाश कोसळत नाही. आधी ह्यांना घरी पोचव."

वहिनीने स्वतः फोन लावला. "येते गं," एवढंच म्हणाली, आणि पलीकडे पोरगी जी रडायला लागली ती फोन ठेवेपर्यंत रडत होती. आई हसत होती आणि तिचे डोळे गळत होते. भोंग्याला वाटलं, संपलं. देवा, संपलं.

दुपारी उतरताना धुकं वर राहिलं. ऊन पडलं. बर्फ विरळ झाला, मग रस्त्याच्या कडेला पांढरे तुकडे राहिले, मग तेही संपले. डांबर कोरडं, काळं. झाडं लागली. शेळ्या दिसल्या. एका म्हाताऱ्याने हात केला आणि भोंग्याने नेहमीच्या आवाजात त्याला हाक दिली. वहिनी बाजूला हात मांडीवर घेऊन बसली होती, समोर बघत. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

एका वळणावर भोंग्याने सवयीने आरशात पाहिलं.

मागच्या वळणाशी, जिथे बर्फ कधी पडत नाही आणि जिथे कोणी काठी लावत नाही, तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन काठ्या उभ्या होत्या. त्याने पुन्हा पाहिलं. दोनाच्या चार झाल्या होत्या. आणि सगळ्यांत जवळच्या काठीशी काहीतरी राखाडी वाकलेलं होतं. जीप झाडांआड गेली.

त्याचा पाय आपोआप दाबला गेला आणि जीपने उडी घेतली. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. पुढचं वळण त्याने कसं घेतलं ते त्याचं त्यालाच माहीत.

वहिनीने त्याच्या हातावर हात ठेवला. तिने मागे पाहिलं नव्हतं, आरशाकडेही पाहिलं नव्हतं.

"जरा हळू घ्या ना भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांना दम लागतो."

भोंग्याने पाय उचलला. खाली, घराच्या दारात पोरगी आतापासूनच येऊन उभी असणार होती. जीप थांबली की ती धावत येणार, आणि आईच्या गळ्यात पडल्यावर आईच्या खांद्यावरून ती मागे कोणाकडे बघेल, ह्याचीच भोंग्याला भीती वाटत होती.